रीजिस हायस्कूल: शंभरहून जास्त वर्षं फी न घेता चाललेल्या एका शाळेचं प्रकरण

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या अप्पर ईस्ट साइडला, पार्क अव्हेन्यू आणि मॅडिसन अव्हेन्यूच्या मधे, ८४व्या रस्त्यावर एक मुलग्यांची शाळा आहे, रीजिस हायस्कूल. जेसुइट फादर लोकांची. नववी ते बारावी अशा चारच इयत्ता, सगळे मिळून साधारण ५३० मुलगे. आजूबाजूला अमेरिकेतली सगळ्यात महागडी घरं, मेट म्युझियम चालत काही मिनिटांवर, आणि त्याच भागातल्या प्रायव्हेट शाळांची फी ऐकली तर आपल्याला घेरी येईल अशी. रीजिसची फी शून्य. सवलत नाही, अर्धी माफी नाही, गुणवंतांना स्कॉलरशिप वगैरे नाही, सरळ शून्य, प्रत्येकाला, १९१४ पासून आजपर्यंत. (डेन्व्हरला रीजिस जेसुइट नावाची शाळा आहे ती वेगळी, ती फी घेते, गुगल करताना घोळ होतो म्हणून आधीच सांगितलं.)

आता फुकट शाळा म्हटलं की आपल्याला सरकारी शाळा आठवते, नाहीतर कुणा दानशूर शेठजींची संस्था, की शेठजी आहेत तोवर सगळं झकास, शेठजी गेले की मुलांची भांडणं, मग ट्रस्टची भांडणं, आणि शेवटी डोनेशन घेऊन अॅडमिशन. म्हणून मला या प्रकरणात सुरुवातीच्या दानापेक्षा जास्त इंटरेस्ट आहे तो पन्नासेक वर्षांनी काय झालं त्यात. कारण १९६०च्या दशकाच्या शेवटी रीजिसचं पण तेच व्हायला आलं होतं. दात्याचा पैसा पुरेना. तेव्हा फी लावणं हा सगळ्यात सोपा, सगळ्यांना समजण्यासारखा उपाय होता आणि त्यांनी तो केला नाही. का केला नाही, आणि न करता निभावलं कसं, एवढंच हे प्रकरण आहे. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, जरा लांब मागे.

जेसुइट म्हणजे सोसायटी ऑफ जीझस, स्पेनच्या इग्नेशियस लोयोलानं सुरू केलेला कॅथलिक धर्मगुरूंचा संघ, पोपची मान्यता १५४० सालची. आपल्याला हे लोक परके नाहीत. वसईच्या किल्ल्यात फिरताना जे पडके चर्च दिसतात त्यातलं एक यांचं, गोव्यात राहून मराठीत ओव्या रचणारे फादर स्टीफन्स यांचेच, आणि पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स (१८६७), मुंबईचं सेंट झेवियर्स (१८६९) ही पण यांचीच. पण एक गोष्ट आपल्यापैकी फार कमी लोकांना माहीत असते, ती म्हणजे जेसुइट शाळा मुळात फुकटच असायच्या. बाहेरच्या मुलांसाठी त्यांची पहिली मोठी शाळा १५४८ साली सिसिलीतल्या मेसिना गावात निघाली, आणि इग्नेशियसचा नियमच होता की शिकवण्याचे पैसे विद्यार्थ्याकडून घ्यायचे नाहीत. मग चालायचं कसं, तर गावानं, राजानं किंवा कुणा श्रीमंत माणसानं आधी एक कायमची ठेव द्यायची, जमीन द्यायची, त्याच्या उत्पन्नावर शाळा चालेल अशी सोय करून द्यायची, आणि मगच जेसुइट तिथं पाय ठेवणार. म्हणजे धर्मादाय वगैरे असलं तरी डोकं एकदम व्यवहारी. ठेव नाही तर शाळा नाही.

ही व्यवस्था दोनशे वर्षं चालली, आणि मग १७७३ मध्ये पोपनंच संघ बरखास्त केला. राजकारण होतं ते, त्यात शिरत नाही. १८१४ मध्ये संघ परत सुरू झाला तोपर्यंत जुन्या ठेवी आणि इस्टेटी कुणाकुणाच्या घशात गेल्या होत्या. अमेरिकेत तर राजा नाही, सरदार नाही, कॅथलिक म्हणजे बहुतेक गरीब स्थलांतरित, ठेव देणार कोण? शेवटी १८३३ मध्ये रोमहून अमेरिकेतल्या जेसुइट शाळांना खास परवानगी मिळाली की बाबांनो फी घ्या. तेव्हापासून अमेरिकेत जेसुइट शाळा म्हणजे फीची शाळा हे ठरून गेलं. आज तिकडच्या बहुतेक जेसुइट प्रेप स्कूल (म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणारी हायस्कूलं) फी घेतात आणि ज्याला परवडत नाही त्याला मदत करतात. रीजिसच्या अगदी शेजारी, एका रस्त्याच्या अंतरावर, जेसुइटांचंच लोयोला स्कूल आहे, १९०० साली निघालेलं, ते रीतसर फी घेतं. एकच संघ, एकच मोहल्ला आणि दोन टोकं.

म्हणजे १९१४ मध्ये रीजिस निघाली ती काही नवी कल्पना नव्हती. जुना नियम, जो अमेरिकेत कुणालाच परवडत नव्हता, तो एका बाईच्या पैशानं परत लागू झाला.

ती बाई म्हणजे ज्यूलिया ग्रँट. नवरा ह्यू ग्रँट न्यूयॉर्कचा मेयर होता, १८८९ ते १८९२, अगदी तरुण वयात मेयर झालेला, टॅमनी हॉलच्या गटातला. (टॅमनी हॉल म्हणजे तेव्हाचं न्यूयॉर्कचं पक्षयंत्र, आयरिश मतं, नोकऱ्या वाटप आणि भ्रष्टाचारासाठी प्रसिद्ध, एवढं समजलं तरी पुरे.) ज्यूलियाचे वडील एडवर्ड मर्फी, ट्रॉय गावचे, बियरचा धंदा करून अमेरिकन सिनेटपर्यंत पोचलेले. थोडक्यात दोन्हीकडून पैसा आणि दोन्हीकडून आयरिश कॅथलिक. ह्यू ग्रँट १९१० मध्ये वारला. त्यानंतर या बाईंनी जेसुइटांकडे जाऊन सांगितलं की शाळा काढा, मी पैसे देते, पण शिक्षण फुकट पाहिजे, कॅथलिक मुलग्यांसाठी पाहिजे, आणि ज्यांना एरवी असलं शिक्षण परवडणारच नाही त्यांचा आधी विचार पाहिजे. अजून एक अट, माझं नाव कुठं यायला नको.

ही शेवटची अट मला सगळ्यात भारी वाटते, खरं सांगतो. आपल्याकडे पंखा दिला तरी पात्यांवर नाव असतं. इथं अख्खी शाळा, ब्लॉकच्या एका रस्त्यापासून दुसऱ्या रस्त्यापर्यंत पसरलेली दगडी इमारत, मॅगिनिस अँड वॉल्श या नावाजलेल्या आर्किटेक्ट फर्मनं बांधलेली, आणि दर्शनी भागावर बाईंचा पत्ता नाही. शाळेत त्यांचा उल्लेख नुसता 'संस्थापिका' असा व्हायचा आणि नाव जाहीर झालं ते फार उशिरा. शाळेला नाव दिलं ते सेंट जॉन फ्रान्सिस रीजिसचं, सतराव्या शतकातला फ्रेंच जेसुइट, गोरगरिबांत काम करून चाळिशीच्या आतबाहेर गेलेला.

पण त्या गुप्ततेचा पुढे काय उपयोग झाला ते बघा. दात्याचं नाव नसल्यामुळे शाळेवर कुठल्याच घराण्याचा शिक्का बसला नाही. पुढं जेव्हा दुसऱ्या लोकांकडे पैसे मागायची वेळ आली तेव्हा 'अहो ग्रँटांची शाळा, ग्रँटांनी बघावं' असं म्हणायची सवयच कुणाला लागलेली नव्हती. बाईंनी असा विचार करून नाव लपवलं असेल असं मी म्हणत नाहीये, धार्मिक नम्रताच असणार, पण परिणाम मात्र झाला.

शाळेत शिकवायचे काय? तर सुरुवातीची कित्येक दशकं लॅटिन, ग्रीक, गणित, इंग्लिश, इतिहास, धर्म. जेसुइटांचा १५९९ सालचा एक अभ्यासक्रमाचा आराखडा आहे, राशियो स्टुडिओरम म्हणतात, त्याच्या सावलीतच अमेरिकेतल्या सगळ्या जेसुइट शाळा चालायच्या. पहिल्या वर्षी लॅटिन व्याकरण, मग सीझर, मग सिसेरो, मग व्हर्जिल, अशी साधारण चढण. आणि शिकवायची पद्धत इंटरेस्टिंग आहे, तिला प्रिलेक्शन म्हणायचे. म्हणजे तास संपायच्या आधी शिक्षक उद्याचा उतारा आजच उघडणार. एकदा स्वतः नीट मोठ्यानं वाचून दाखवणार, हे कोण कुणाला कशासाठी बोलतंय ते सांगणार, तुम्ही या तिसऱ्या ओळीत अडणार आहात कारण कर्ता वर राहिलाय आणि क्रियापद पार खाली गेलंय हे दाखवणार, एखादा शब्द मुद्दाम न सांगता सोडणार, आणि म्हणणार आता घरी जाऊन एकट्यानं करा. दुसऱ्या दिवशी तास सुरू होणार तो कालच्याच उताऱ्याच्या उजळणीनं, एकेकाला उभं करून, न बघता. नवीन काही त्यानंतर. ऐकायला साधं आहे पण विचार करा, मुलाला होमवर्क 'दिला' जात नाही, त्याला आधी रस्ता दाखवून मग एकटं सोडलं जातं. आपल्याकडे उलटं, घरून करून या, अडलं तर क्लासला विचारा.

यातला सक्तीचा ग्रीकचा भाग आता राहिला नाही. लॅटिन टिकून आहे, बाकीच्या भाषा आल्या, कॉम्प्युटर आला, पण वक्तृत्व आणि वादविवाद मात्र अजून जोरात. शाळेची डिबेट सोसायटी फादर डेव्हिड हर्न यांच्या नावानं आहे, सुरुवातीच्या दिवसांतले जेसुइट ते. जेसुइट शाळांत वहीच्या, पेपरच्या माथ्यावर ए.एम.डी.जी. अशी अक्षरं लिहायची पद्धत आहे, देवाच्या अधिक मोठ्या गौरवासाठी अशा अर्थाच्या लॅटिन वाक्याची आद्याक्षरं, आपण कोपऱ्यात 'श्री' लिहितो तसंच, परीक्षेच्या टेन्शनमध्ये हात आपोआप जातो. आणि शिक्षा म्हणजे 'जग', शाळा सुटल्यावर थांबवून ठेवतात त्याला अमेरिकेतल्या जेसुइट शाळांत हा शब्द आहे.

शाळेला मोठं मैदान नाही. इमारतीच्या पोटात एक चौक आहे, त्यातच सगळा दंगा. घुबड हे शाळेचं चिन्ह आणि पेपरचं नाव पण द आऊल. सॅटरडे नाइट लाइव्ह या टीव्हीवरच्या कॉमेडी शोवाला कोलिन जोस्ट या पेपरचा एडिटर होता. तो यायचा स्टेटन आयलंडवरून, म्हणजे आधी फेरीबोट, मग सबवे. डॉक्टर अँथनी फाउची, कोविडच्या काळात रोज टीव्हीवर दिसायचे ते, १९५८च्या बॅचचे. ब्रुकलिनमध्ये वडिलांचं मेडिकलचं दुकान, वर घर, शाळेतून आला की पोरगा सायकलवरून औषधं पोचवायचा. उंची पाच फूट सात इंच आणि शाळेच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन, यावरून टीमचा अंदाज करा.

हा प्रवासाचा मुद्दा नुसता गमतीचा नाही, माझ्या मते या प्रकरणात तो फार महत्त्वाचा आहे आणि लोक त्याच्याकडे बघत नाहीत. रीजिस पहिल्यापासून गल्लीतल्या पोरांची शाळा नव्हतीच. गल्लीत तर कोट्यधीश राहायचे. मुलं यायची ब्राँक्समधून, क्वीन्समधून, ब्रुकलिनमधून, न्यू जर्सीतून. लेक्सिंग्टन अव्हेन्यूची भुयारी लाइन १९१८ मध्ये ८६व्या रस्त्यापर्यंत आणि पुढे गेली, शाळेपासून अगदी जवळ स्टेशन, आणि सबवेचं तिकीट १९०४ पासून १९४८ पर्यंत पाच सेंटच राहिलं, दोन महायुद्धं झाली तरी पाच सेंट. म्हणजे फी शून्य आणि रोजचं जाणं-येणं दहा सेंट. शाळा फुकट असून पोचायलाच परवडलं नसतं तर काय उपयोग होता. पॅरिशच्या, म्हणजे वस्तीतल्या चर्चच्या, शाळेतल्या सिस्टरनं आठवीतला एखादा हुशार पोरगा हेरायचा, त्याला परीक्षेला बसवायचं, तो पास झाला की वयाच्या चौदाव्या वर्षी एकटा ट्रेननं मॅनहॅटनला. आयरिश, इटालियन, जर्मन, पोलिश घरांतली पोरं, आणि पुढं लॅटिन अमेरिकन, फिलिपिनो, आशियाई.

आता येऊ १९६०च्या दशकाच्या शेवटाकडे.

तोवर शाळेचा खर्च ग्रँट कुटुंबाच्या पैशावर चालत होता. बाई १९४४ मध्ये वारल्या होत्या. खर्चाची गंमत अशी होती की शिकवणारे बरेचसे जेसुइटच, आणि जेसुइटाला पगार नसतो, त्यानं दारिद्र्याचं व्रत घेतलेलं, राहायला-जेवायला दिलं की झालं. म्हणजे कागदावर जी ठेव दिसायची तिच्यापेक्षा प्रत्यक्षात दुसरी एक मोठी ठेव होती, ती म्हणजे फुकट शिकवणारी माणसं. आणि नेमकी तीच आटायला लागली. जगभरात जेसुइटांची संख्या १९६५ च्या सुमाराला ३६ हजारांवर होती, तिथून जी घसरायला लागली ती आता १४ हजारांच्या आसपास आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चमध्ये मोठे बदल करणारी १९६०च्या दशकातली बैठक) कित्येकांनी संघ सोडला, नवीन येणारे कमी झाले. एक फादर गेला की त्याच्या जागी पगारी शिक्षक आणायचा, त्याला न्यूयॉर्कमध्ये घर चालवायचंय, पोरं आहेत, मेडिकल आहे, पेन्शन आहे. वर त्याच काळात अमेरिकेत महागाई चढायला लागलेली. ठेवीचं व्याज तेवढंच आणि खर्च पळतोय, हे गणित आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या ट्रस्टच्या खजिनदाराला झोपेतून उठवून विचारलं तरी समजेल.

पर्याय काय होते? मला दिसतात ते असे. एक, फी लावा, थोडीच लावा, गरिबाला माफ करा. सगळे हेच करत होते. दुसरा, शाळा बंद करा आणि जागा विका, पार्क आणि मॅडिसनच्या मधली जागा, सोनंच ते. तिसरा, बाजूच्याच लोयोलात विलीन करून टाका. चौथा, ज्यांनी फुकट घेतलंय त्यांच्याकडे मागा.

यातला दुसरा पर्याय नुसता कल्पनेतला समजू नका. त्याच शहरात, त्याच जेसुइटांची, त्याच दिवसांत एक शाळा बंद पडली. ब्रुकलिन प्रेप, क्राऊन हाइट्समधली, १९०८ साली निघालेली, चांगली नावाजलेली, फुटबॉल कोच जो पॅटर्नो तिथला. १९७२ मध्ये तिला टाळं लागलं, जागा आता सिटी युनिव्हर्सिटीच्या मेडगर एव्हर्स कॉलेजकडे आहे. ब्रुकलिन प्रेप फी घेत होती बरं का. म्हणजे फी घेतली की शाळा वाचते असं काही नाही. फी घेणाऱ्या शाळेला फी भरणारी घरं लागतात, आणि मधल्या वर्गातली गोरी कॅथलिक कुटुंबं त्या काळात भराभर उपनगरात निघून चालली होती. रीजिसला या गळतीचा फटका तेवढा बसला नाही कारण तिचं गिऱ्हाईक कधी एका वस्तीत बांधलेलंच नव्हतं. एक भाग बदलला तर दुसऱ्या भागातनं पोरं येणार. ट्रेनच्या जाळ्यावर उभी असलेली शाळा ती.

रीजिसनं चौथा पर्याय घेतला. माजी विद्यार्थ्यांना कळवलं की आता पैसे तुम्ही द्यायचे. पहिली बॅच १९१८ ची, म्हणजे तोवर पन्नासेक बॅचेस बाहेर पडल्या होत्या, आणि त्यातले बरेच लोक म्हणजे आता डॉक्टर, वकील, प्रोफेसर, फादर, कंपन्यांतले अधिकारी. पन्नास वर्षं यांच्याकडे कुणी एक डॉलर मागितला नव्हता. आणि लोकांनी दिले. आजही शाळा मुख्यतः त्याच पैशावर चालते, दरवर्षीचा निधी आणि त्यातनं वाढवत नेलेली ठेव.

का दिले? इथं मी माझं मत सांगतो, पटलं तर बघा. फी भरणाऱ्या माणसाचा शाळेशी हिशोब पावतीबरोबर संपतो. नंतर माजी विद्यार्थी मेळाव्यात त्याच्याकडे देणगी मागितली की त्याच्या मनात येतंच, अरे माझ्या बापानं भरले की पैसे. रीजिसच्या माणसाचा हिशोब चार वर्षांत संपतच नाही, कारण पावतीच नाही. त्याला माहीत असतं की कुणीतरी, जिचं नाव पण त्याला धड सांगितलं नव्हतं, तिनं त्याचे पैसे भरले. हे ऋण सावकाराला फेडता येत नाही, सावकार वारलेला आहे, मग ते पुढच्या पोराला फेडायचं. आणि नेमक्या त्याच सुमाराला, १९७३ मध्ये, जेसुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमध्ये वालेन्सियाला माजी विद्यार्थ्यांपुढे एक भाषण केलं, की आम्ही घडवायची माणसं दुसऱ्यांसाठी जगणारी असली पाहिजेत, आणि ते आम्ही तुम्हाला पुरेसं शिकवलं नाही. बऱ्याच श्रीमंत माजी विद्यार्थ्यांना ते झोंबलं. पण 'दुसऱ्यांसाठी माणसं' हे शब्द जगातल्या यच्चयावत जेसुइट शाळांच्या भिंतीवर गेले. रीजिससाठी तर ते आयतंच होतं.

याचं फळ काय ते एका माणसावरनं सांगतो. पॅट्रिक फिट्झजेराल्ड, जन्म ब्रुकलिन, आईबाप आयर्लंडहून आलेले, वडील मॅनहॅटनमध्ये डोअरमन. डोअरमन म्हणजे श्रीमंतांच्या बिल्डिंगच्या दारात कोट-टोपी घालून उभा असतो तो. मुलगा रीजिसला, १९७८ला बाहेर पडला, म्हणजे आपण बोलतोय त्या निर्णयानंतरच्या वर्षांतला, ज्यांचे पैसे माजी विद्यार्थी भरायला लागले होते त्यांच्यातला. पुढे अॅमहर्स्ट, मग हार्वर्ड लॉ, मग सरकारी वकील, ट्रेड सेंटरवरच्या पहिल्या हल्ल्यानंतर आंधळ्या शेख ओमर अब्देल रहमानवर जो खटला चालला त्यात हा होता, आणि नंतर शिकागोला मुख्य सरकारी वकील म्हणून इलिनॉय राज्याचे दोन माजी गव्हर्नर आत पाठवले. फी असती, अगदी सवलतीची असती, तर डोअरमनच्या घरातनं अर्ज आला असता का? आला असताही कदाचित. पण 'आम्हाला माफी द्या' असा अर्ज लिहावा लागणं आणि लिहावाच न लागणं यात फरक आहे, आणि तो फरक ज्यानं नादारीचा फॉर्म भरलाय त्याला जास्त कळतो. रीजिसमध्ये डोअरमनचं पोर आणि डॉक्टरचं पोर एका बाकावर, आणि फीच्या रकान्यात दोघांच्या नावापुढं एकच आकडा.

आता दुसरी बाजू, कारण एवढं गोडगोड लिहून थांबलं तर ते शाळेचं ब्रोशर होईल.

पहिलं म्हणजे डॉक्टरचं पोर पण फुकटच शिकतं. जोस्टची आई न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाची मुख्य वैद्यकीय अधिकारी होती, म्हणजे घर काही हलाखीचं नव्हे. सगळ्यांना शून्य या तत्त्वाची ही किंमत आहे, ज्याला भरता आलं असतं त्याचेही पैसे तुम्ही सोडता. मला ही किंमत योग्य वाटते, वर लिहिलेल्या कारणासाठी, पण त्यावर वाद होऊ शकतो आणि व्हावा.

दुसरं जास्त टोचणारं आहे. वर्षाला साधारण १३० जागा. फुकट आणि नामांकित म्हटल्यावर अर्ज कितीतरी जास्त, मग चाळणी आली, मार्क, परीक्षा, इंटरव्ह्यू. आणि तेरा वर्षांचा पोरगा चाळणीत टिकतो तो नुसत्या बुद्धीवर नाही, घरात पुस्तकं आहेत का, आधीची शाळा कशी, आईला परीक्षेची तारीख माहीत आहे का, यावर पण टिकतो. म्हणजे ज्यांच्यासाठी बाईंनी शाळा काढली तीच पोरं दाराशी अडायची शक्यता. फी हे एकच कुंपण असतं असं नाही ना. शाळेला हे कळलं आणि २००२ मध्ये त्यांनी रीच नावाचा प्रोग्रॅम काढला, कमी उत्पन्नाच्या कॅथलिक घरांतल्या मुलांना हायस्कूलच्या काही वर्षं आधीपासूनच उचलायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि शनिवारी बोलावून तयारी करून घ्यायची, तेही फुकट. त्यातले सगळे रीजिसलाच येतात असं नाही, बरेच दुसऱ्या चांगल्या कॅथलिक शाळांत स्कॉलरशिपवर जातात, आणि तेही प्रोग्रॅमच्या हेतूतच आहे.

तिसरं, मुली नाहीत आणि कॅथलिक नसलेली मुलं नाहीत. १९१४ मध्ये न्यूयॉर्कमधला कॅथलिक म्हणजे खालच्या पायरीवरचा माणूस, त्याच्यासाठी राखीव शाळा यात अर्थ होता. आज तो अर्थ तसाच राहिलाय असं मला वाटत नाही. शेजारचं लोयोला १९७०च्या दशकापासून मुलींना घेतं. पण रीजिसची अडचण अशी की फुकट ठेवायची अट आणि मुलगे-कॅथलिक ही अट एकाच बाईच्या एकाच इच्छेतून आलेली आहे. एक पवित्र मानायची आणि दुसरी जुनी झाली म्हणायची, हे जमवणं अवघड. दानपत्रातलं आपल्याला आवडतं तेवढं ठेवून बाकीचं सोडायला लागलो तर उद्या कुणी फीच्या बाबतीत तेच म्हणेल, ही भीती खोटी नाही.

चौथं, माणसं ती माणसंच. २०२१ मध्ये शाळेच्या ट्रस्टी मंडळानं खुद्द शाळेच्या अध्यक्षांना, जेसुइट फादरना, काढून टाकलं, बाहेरच्या चौकशीत प्रौढ व्यक्तींशी, त्यात हाताखालचे लोकही होते, लैंगिक स्वरूपाचं गैरवर्तन केल्याचं निघालं म्हणून. मंडळानं ते दाबलं नाही, पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना सरळ कळवलं. मला यात पैशाचा धागा पण दिसतो. जी शाळा हजारो माजी विद्यार्थ्यांच्या वर्षावर्षाच्या देणगीवर उभी आहे तिला लपवाछपवी परवडत नाही, एकाच धनवानाच्या ताब्यात असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

हे मॉडेल दुसरीकडे का पसरलं नाही हा प्रश्न राहतोच. जेसुइटांनी स्वतः पुढे गरिबांच्या शाळेसाठी वेगळीच वाट धरली. १९९६ मध्ये शिकागोला क्रिस्तो रे नावाची शाळा निघाली, तिथं प्रत्येक मुलगा-मुलगी आठवड्यातला साधारण एक दिवस एखाद्या ऑफिसात काम करते आणि त्या कंपनीनं दिलेल्या पैशातून शिक्षणाचा बराचसा खर्च निघतो, आपल्या कर्मवीर अण्णांच्या 'कमवा आणि शिका'ची आठवण यावी असं. त्याचं देशभर जाळं झालं, न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये पण एक आहे, २००४ पासूनचं. तिथं मुली आहेत, तिथं अतिहुशार असायची अट नाही, आणि तिथं पन्नास वर्षं थांबावं लागत नाही. रीजिसच्या पद्धतीत मात्र आधी एक ज्यूलिया ग्रँट लागते, मग पन्नास बॅचेस निघेपर्यंत कुणाकडे काही न मागता थांबायचा धीर लागतो, आणि बॅच एवढी निवडक लागते की त्यातले बरेच जण पुढे देण्याइतके कमावतील. शेवटची गोष्ट शाळेच्या माहितीपत्रकात कुणी लिहिणार नाही, पण चाळणी कडक नसती तर १९७० ला निधी उभा राहिला असता का, याबद्दल मला दाट शंका आहे. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल मी वर तक्रार केली तिच्याच जिवावर ती फुकट राहिली. रीच काढून त्यांनी चाळणी ढिली केली नाही, चाळणीच्या आधी पोरांना तयार करायला घेतलं, आणि त्यांच्या परिस्थितीत मला तरी याहून वेगळा मार्ग दिसत नाही.